शासन निर्णयसाहेब, आपण अजून लागू आहात का?

प्रति,
श्रीयुत शासन निर्णय ऊर्फ जीआर,
मुक्काम संकेतस्थळ, मंत्रालय, मुंबई ३२.

विषय : आपल्या धावपळीबद्दल कौतुक आणि किरकोळ गाऱ्हाणं.
संदर्भ : १) आपण. २) आपल्यात दुरुस्ती करणारे आपणच. ३) आपल्याला रद्द करणारेही आपणच.

महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या मालवणी मुलखात देवाला गाऱ्हाणं घालायची रीत आहे. एकाने खड्या आवाजात मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आपल्यासमोरही आम्ही गेली काही वर्षं तसेच हात जोडून उभे आहोत. आपण निघालात, व्हय म्हाराजा. आपल्यात सुधारणा झाली, व्हय म्हाराजा. आपण रद्द झालात, व्हय म्हाराजा. फरक एवढाच, की आमचा देव एकदा दिलेला कौल दुसऱ्या दिवशी मागे घेत नाही.

हे पत्र देवबागेतून लिहितो आहे. तारकर्लीच्या पुढे वाळूची एक लांबोडकी पट्टी दक्षिणेकडे गेली आहे. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. या पट्टीवर आमची घरं, माड, होड्या आणि पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या. संगमाजवळचा वाळूचा जो उंचवटा ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून मिरवतो, त्याचा आकार या पावसाळ्यात एक आणि पुढच्या पावसाळ्यात दुसरा. आमचा नकाशा काढणाऱ्याने पेन वापरू नये, पेन्सिल वापरावी. सांगायचा मुद्दा, अनिश्चितता हा शब्द आम्हाला कोणी शिकवायला नको. उधाणाच्या रात्री समुद्र किती आत येईल, हे दारात उभं राहून बघणारी माणसं आहोत आम्ही.

तरीही आपल्यापुढे आम्ही हरलो.

पूर्वी आपण कागदावर यायचात. मंत्रालयातून निघून जिल्हा, तालुका करत तलाठ्याच्या टेबलापर्यंत पोचायला आपल्याला काही आठवडे लागायचे. लोक आपल्याला शिव्या द्यायचे, पण त्या दिरंगाईत एक सोय होती. देवबागेला पोचेपर्यंत सरकारला विचार करायला सवड मिळे. आता आपण पीडीएफ होऊन जन्माला येता. शेवटच्या पानावर आपला अठरा आकडी संकेतांक, सुरुवातीलाच साल, महिना आणि दिवस. खाली ‘डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित’ आणि ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. संध्याकाळी मंत्रालयात निघता, रात्रीच्या जेवणाआधी आमच्या वाडीच्या ग्रुपवर येता, आणि सकाळी मासळीच्या लिलावाला आम्ही जमतो तोवर आपण शिळे झालेले असता.

मागे खोल्यांच्या परवानगीसाठी मी एका कार्यालयात गेलो होतो. हातात आपली छापील प्रत, तीही रंगीत, आपला मान राखायला. साहेबांनी पहिलं पान वाचलंच नाही. थेट शेवटचं पान काढलं, चष्मा कपाळावर चढवला, संकेतांकावर बोट ठेवून आकडे मोजले आणि म्हणाले, “हा जुना झाला.”

“नवा कधी निघाला?”

“निघालाय असं ऐकलंय. आमच्याकडे आलेला नाही.”

“मग तोवर जुना चालेल?”

“जुना कसा चालेल? नवा निघालाय ना.”

बाहेर बाकावर आमच्याच भागातले एक म्हातारे बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विडी विझवत म्हणाले, “जीआर खरोच इलो हा, असो एक जीआर काढूक होयो.” साहेब, ही सूचना आपल्या विचारार्थ सादर.

तर आपल्या कर्तबगारीकडे वळतो. सरकारला उद्याची खात्री वाटेनाशी झाली, की ते आपल्याला हाक मारतं. जून २०२२ आठवा. बंडखोर आमदार सुरतेत, मग गुवाहाटीत. आमच्याच जिल्ह्यातल्या सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर तिथून टीव्हीवर बंडाची बाजू समजावून सांगत होते. इकडे मुंबईत सरकार राहतं की जातं याचा भरवसा नाही, आणि आपण मात्र धडाधड निघत होतात. अखेर राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी २२ ते २४ जून या काळातल्या शासन निर्णयांचा तपशील मागवला. २९ जूनच्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी फेसबुक लाइव्हवरून राजीनामा जाहीर केला. सरकार असं फोनच्या पडद्यावर मावळताना राज्याने पहिल्यांदाच पाहिलं. मग नवं सरकार आलं आणि त्याने आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या, पण सुरू न झालेल्या कामांना स्थगिती दिली. म्हणजे जाणाऱ्याने आपल्याला घाईने काढलं आणि येणाऱ्याने घाईने अडवलं. वाद न्यायालयात गेला. गावागावांत मंजुरीच्या बातमीचे पेढे आधीच खाऊन झाले होते. ते परत कसे घ्यायचे, याचा जीआर मात्र आजतागायत निघालेला नाही.

यात पक्षाचा दोष काढू नये, असं माझं प्रांजळ मत आहे. आपण सर्वपक्षीय आहात. ज्याच्या हाती सही, त्याचे आपण.

पुढची कामगिरी जून २०२४ ची. लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी १७ जागा सत्ताधारी महायुतीला. विधानसभा चार-पाच महिन्यांवर. तेव्हा २८ जूनला अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली आणि त्याच तारखेला आपणही हजर. दरमहा १५०० रुपये, थेट बँक खात्यात. आठवडा उलटायच्या आत आपल्यात दुरुस्ती झाली. वयाची मर्यादा ६० ची ६५, पाच एकर जमिनीची अट रद्द, अर्जाची मुदत १५ जुलैऐवजी ३१ ऑगस्ट. मी तक्रार करत नाही. वाडीतल्या कित्येक बायकांच्या खात्यात स्वतःच्या नावाचे पैसे पहिल्यांदा पडले, आणि ते त्यांनी नवऱ्याला न विचारता खर्च केले. ज्याला यात काहीच चांगलं दिसत नाही, त्याने एकदा सुक्या मासळीच्या बाजारात बसून बघावं.

पण निवडणूक आटोपली, सत्ता मजबूत झाली आणि आपली नजर बदलली. सप्टेंबर २०२५ मध्ये आपण ई-केवायसी घेऊन आलात. दोन महिन्यांची मुदत, मग वाढवून ३१ डिसेंबर. आता चित्र असं. संध्याकाळची वेळ, घराच्या मागे माडाखाली रेंज येत नाही म्हणून एक काकी फोन उंच धरून रस्त्यावर उभी. सून शेजारी, तिच्या हातात आधार कार्ड. पहिला ओटीपी काकीच्या नंबरवर, दुसरा नवऱ्याच्या आधारला जोडलेल्या नंबरवर. नवरा होडीवर. होडी खाडीच्या तोंडाशी.

“ओटीपी इलो गो?”

“इलो नि गेलो.”

साहेब, मत मागताना सरकारला काकी ओळखू येते. मत देऊन झाल्यावर तिने स्वतःची ओळख सिद्ध करायची, तीही त्या ओटीपीची मुदत संपायच्या आत.

आता जिथे आपण स्वतःवरच मात केलीत, तो प्रसंग. १६ एप्रिल २०२५ ला आपण म्हणालात, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य. गदारोळ झाला. १७ जूनला आपण म्हणालात, अनिवार्य नाही, ‘सर्वसाधारणपणे’. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत. साहेब, आमच्या सिंधुदुर्गात कित्येक जिल्हा परिषद शाळांमध्ये पहिली ते चौथी मिळून २० पोरं भरत नाहीत. मास्तर एक, वर्ग चार, पोरं तेरा. त्यांनी २० जण आणायचे कुठून, चिपी विमानतळावरच्या विमानाने? मग मुंबईत मोर्चाची तारीख ठरली, दोन ठाकरे एकत्र येणार हे स्पष्ट झालं आणि २९ जूनला आपले दोन्ही अवतार एकदम रद्द. सोबत डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. मोर्चाची ५ जुलैला वरळीत विजयी सभा झाली. पंच्याहत्तर दिवसांत आपण जन्मलात, बदललात आणि वारलात, आणि समितीच्या रूपाने पुनर्जन्माची सोयही ठेवलीत.

त्यानंतर दोन महिन्यांनी, २ सप्टेंबरला, आझाद मैदानावर मराठा आंदोलकांच्या हातात आपली प्रत पडली, हैदराबाद गॅझेटवाली. मनोज जरांगे यांनी उपोषण सोडलं, गुलाल उधळला गेला. काही दिवसांत आपल्याच प्रती ओबीसी कार्यकर्त्यांच्या आंदोलनांत फाडल्या गेल्या. एकाच कागदाचा इकडे गुलाल आणि तिकडे चिंध्या. मैदान मोकळं झालं, टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण थांबलं, आणि सरकारच्या दृष्टीने प्रश्न मिटला. आरक्षणाचा खरा प्रश्न दाखला मागायला आलेल्या पोराच्या पाठोपाठ तहसीलदाराच्या दारात जाऊन उभा राहिला.

इथे आपण म्हणाल, लोकांनी ओरड केली म्हणून मागे गेलो, यालाच लोकशाही म्हणतात. बरोबर आहे. मागे जायला मोठं मन लागतं, आणि चुकलेल्या निर्णयाला चिकटून बसणाऱ्या सरकारपेक्षा माघार घेणारं सरकार बरं. माझी हरकत वेगळी आहे. आपण कोणाच्या ओरडण्याने मागे जाता आणि कोणाच्या ओरडण्याने हलतही नाही, याचा हिशेब मांडतो.

५ फेब्रुवारी २०१६ ही तारीख मालवणच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोराला पाठ आहे. आपली थोरली बहीण, म्हणजे अधिसूचना, त्या दिवशी निघाली. पर्ससीन जाळ्यांवर तिने मर्यादा घातल्या. राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांत, ती जाळी ठरलेल्या भागात, ठरलेल्या संख्येत आणि सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांतच चालावीत. रापणकर आणि गिलनेटवाले मच्छीमार तेव्हापासून एकच मागतायत : जे लिहिलंत ते करा. मोर्चे झाले, उपोषणं झाली, समुद्रात होड्या एकमेकींवर धावून गेल्या. ही अधिसूचना रद्द झाली नाही, आणि ती धड लागू झाली असंही किनाऱ्यावर कोणी म्हणणार नाही. जानेवारी २०२५ पासून ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात झाली आहे, चांगलं आहे. ड्रोनला दिसतंच. दिसल्यावर पुढे काय करायचं, ते ठरवायला खाली माणूस लागतो.

देवबागची धूप घ्या. किनाऱ्याची वाळू जाते, माड मुळासकट आडवे होतात, दगडी बंधाऱ्याचे दगड रुततात, पुन्हा निवेदन, पुन्हा पाहणी. समुद्र एका रात्रीत काम करतो आणि सकाळी त्याचा फोटो दोनशे लोक बघतात. एवढ्याने मंत्रालय हलत नाही. मुंबईत एखादा शब्द पेटला, तर आपण रविवारीसुद्धा रद्द होता.

आणि राजकोट. ते तर आमच्यापासून जवळच. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाला पंतप्रधानांच्या हस्ते मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. त्याआधी २० ऑगस्टला सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र लिहून नट-बोल्ट गंजल्याचं कळवलं होतं, हे नंतर बाहेर आलं. ते पत्र मला रात्री आठवतं. एका अभियंत्याला गंज दिसला, त्याने तो लिहून कळवला, आणि ते पत्र कागदाच्याच चालीने चाललं. पुतळा पडल्यावर मात्र सगळं फोनच्या वेगाने धावलं. व्हिडिओ, वाऱ्याच्या वेगाचे आकडे, गुन्हे, समित्या, किल्ल्यावर दोन गटांची दगडफेक, आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये खुद्द पंतप्रधानांची माफी. पुढे मे २०२५ मध्ये नवा, आणखी उंच पुतळा उभाही राहिला. सरकारला वेग जमत नाही असं कोणी म्हणू नये. फक्त तो वेग गंज दिसल्यावर येत नाही, गंज व्हायरल झाल्यावर येतो.

जाता जाता पाणबुडीचीही चौकशी करतो. निवतीच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेणारी पाणबुडी २०१८ पासून ऐकतोय. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातेत द्वारकेला तशीच पाणबुडी येणार अशी बातमी आली, समाजमाध्यमांवर आग लागली, आणि लगोलग खुलासे झाले की आपला प्रकल्प कुठेही गेलेला नाही. खरंच आहे. जो आलाच नाही, तो जाणार कुठे? नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका समुद्रतळाशी ठेवून संग्रहालय करायचं आता ठरलं आहे आणि त्यासाठी ती राज्याच्या ताब्यातही आली. पाणबुडी मात्र अजून पाण्याखालीच असावी, इतक्या खोल की आमच्या स्कूबावाल्या पोरांनाही सापडत नाही.

महोदय, हे फक्त महाराष्ट्रात चालतं असं नाही. आमच्याकडच्या हापूसच्या बागा राखायला आणि ट्रॉलरवर खलाशी म्हणून नेपाळची माणसं येतात. ४ सप्टेंबर २०२५ ला त्यांच्या सरकारने फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब धरून २६ समाजमाध्यमं बंद करायचा आदेश काढला. इथल्या खलाशांना घरी तोंड दाखवायचा रस्ता तोच होता. ८ तारखेला काठमांडूत तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबारात एका दिवसात १९ जण गेले. त्याच रात्री बंदी उठली, आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली पायउतार झाले. पुढची हंगामी पंतप्रधान कोण, याची चर्चा पोरांनी डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर केली. तिथे निवृत्त सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचं नाव पुढे आलं आणि १२ सप्टेंबरला त्यांनी शपथ घेतली. आवाज बंद केला की अनिश्चितता संपते, असं ज्यांना वाटलं, त्यांचं सरकार पाच दिवसांत संपलं.

दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. विरोधी नेते ली जे-म्युंग संसदेच्या कुंपणावरून उडी मारताना स्वतःच्या फोनवर थेट दाखवत होते. १९० खासदार आत पोचले, सगळ्यांनी विरोधात मत दिलं आणि सहा-एक तासांत तो आदेश मागे गेला. फोन तोच, नेपाळातलाही आणि कोरियातलाही. कोरियातला आदेश एका रात्रीत कोलमडला, कारण तिथल्या राज्यघटनेतला नियम जागेवर होता. किती मतांनी लष्करी कायदा उठतो, हे त्या रात्री कोणाला शोधावं लागलं नाही.

आपल्याकडे अनिश्चिततेवर सगळ्यात रामबाण उपाय निघाला तो वेगळाच : निवडणूकच घ्यायची नाही. मतदानच नाही, तर निकालाची धाकधूक कशाला? मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. आमच्या सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेचीही त्याच मार्चमध्ये. प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचा तिढा होता, तो खराच होता. पण त्याच्या आडोशाने प्रभागरचनेचा अधिकार एका सरकारने निवडणूक आयोगाकडून आपल्याकडे घेतला, प्रभागांची संख्या दुसऱ्या सरकारने बदलली, आणि सगळं सर्वोच्च न्यायालयात जाऊन बसलं. ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितलं, सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली. मालवण नगर परिषदेचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची, तीही उच्च न्यायालयाच्या आदेशाने २१ डिसेंबरला गेली. तोवर उमेदवार हॉटेलात चहा पिताना एकमेकांना ‘नगराध्यक्ष’ म्हणून हाक मारत होते, कोणाचं खोटं ठरत नव्हतं. आमच्या जिल्हा परिषदेचं २०२५ सालही प्रशासकाच्याच सहीने सरलं. जवळजवळ चार वर्षं देवबागच्या माणसाला गटारासाठी, शाळेच्या कौलांसाठी, नळाच्या पाण्यासाठी हाक मारायला निवडून दिलेला जिल्हा परिषद सदस्य नव्हता. होतात ते आपण, पीडीएफमध्ये.

आता मूळ गाऱ्हाणं. रापणीचा कायदा आपल्याला कोणी सांगितला नसेल म्हणून सांगतो. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं टाकते, दोन टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडून माणसं ओढतात. मासा किती लागेल, लागेल की नाही, हे ओढणाऱ्याला ठाऊक नसतं. कधी बांगड्याने वाळू चमकते, कधी जाळ्यात शेवाळ आणि दोन खेकडे. पण वाटे कसे पडायचे, जाळ्याचा किती, होडीचा किती, ओढणाऱ्याचा किती, हे रापण टाकायच्या आधी ठरलेलं असतं. भरघोस मासा लागल्यावर वाट्याचे नियम बदलायला निघालेल्या माणसाला पुन्हा दोरीला हात लावू देत नाहीत.

लोकशाहीचंही एवढंच आहे. निकाल कोणालाच ठाऊक नसावा, नियम सगळ्यांना ठाऊक असावा. आपण याच्या नेमकं उलट केलंत. सत्तेत बसलेल्याला निकालाची खात्री हवी, म्हणून त्याने नियम सैल सोडले. कधी योजना, कधी स्थगिती, कधी दुरुस्ती, कधी रद्द, कधी निवडणूकच बेपत्ता. मुंबईतली अनिश्चितता आपण अठरा आकडी संकेतांक मारून आमच्या अंगणात पाठवून दिलीत. मंत्र्याला आता निवांत झोप लागते. मे महिन्यात खोल्यांना रंग काढायचा की नाही, शाळेतल्या पोराला कुठली पुस्तकं घ्यायची, ओटीपी कुठल्या नंबरवर येणार, या विचाराने जागे राहतो ते आम्ही.

समुद्राकडून आम्ही पुष्कळ सोसतो, पण त्याचा एक गुण मानावा लागतो. भरती कधी आणि ओहोटी कधी, याचं गणित तो बदलत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हे आम्ही मुकाट पाळतो, कारण ती तारीख व्हिडिओ व्हायरल झाला म्हणून पुढे-मागे होत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या लोटतो, तेव्हा मासा मिळेल का हे ठाऊक नसतं. परत आल्यावर वाटा मिळेल, हे ठाऊक असतं.

सबब, आपल्या चरणी पुढील मागण्या.

एक, निघण्याआधी दिसा. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असं केंद्र सरकारने २०१४ सालीच स्वतःला बजावून ठेवलं आहे. आपणही तसंच करा. पहिलीच्या पोरांचा विषय असेल, तर तेरा पोरांच्या शाळेतल्या मास्तरालाही एक महिना आधी विचारा. तो आपल्याला २० चा आकडा टाकू देणार नाही.

दोन, मागे जाल तेव्हा कारण लिहा. कोणी सांगितलं, काय चुकलं, ज्यांनी आपल्या भरवशावर पैसे घातले त्यांचं काय. ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’ एवढ्या चार शब्दांत आमचं सालभराचं गणित अधिक्रमित होतं.

तीन, निवडणुकीच्या तारखेला हात लावू नका. तो वाट्याचा नियम आहे. हरणाऱ्यालाही तो आधी ठाऊक असलाच पाहिजे, नाहीतर तो हरायला तयार होत नाही, आणि जिंकलेल्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही.

एवढं जमलं तर कोण सत्तेत येतं, कोण जातं, कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसतं, हे सगळं आम्ही मजेत बघू. मासा कधी याच्या जाळ्यात, कधी त्याच्या. त्यावर आम्ही कधी रडलो नाही.

कळावे. लोभ असावा, आणि तो नसेल तर निदान मुदत असावी.

आपला,
एक लाभार्थी, देवबाग
(पात्रतेच्या फेरतपासणीच्या अधीन राहून)

प्रत माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी :
१) स्थगिती, आपल्या धाकट्या भगिनी.
२) शुद्धिपत्रक, आपले चिरंजीव.
३) ज्यांच्यापर्यंत आपण अजून पोचला नाहीत, ती सर्व कार्यालये.
४) निवडनस्ती.